पाऊणकीचं पाणी

चारठाण्यात पडलेला पाऊस पूर्वेला जातो. दुधनेनं जाऊ दे, पूर्णेनं जाऊ दे, शेवटी तो गोदावरीला मिळणार आणि राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरात. अरबी समुद्राशी आमच्या गावाचं पाण्याचंसुद्धा नातं नाही. जिंतूर तालुक्यातल्या या गावाला माणसं येतात ती जुनी दगडी देवळं, उंच कोरीव स्तंभ आणि गोकुळेश्वराची बारव बघायला. समुद्र होता तो भूगोलाच्या पुस्तकात, निळ्या शाईतला, आणि परीक्षेपुरता.

पाणी आम्ही पायऱ्यांवर मोजत वाढलो. बारवेच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या, यावरून उन्हाळा किती उरला ते घरातली बाईमाणसं सांगायची. पूर्णेवरचं येलदरीचं धरणही आमच्याच तालुक्यात. तिथे भोई जाळी टाकायचे आणि आम्ही पोरं कणकेची गोळी किंवा गांडूळ लावून गळ. पाणी तिथेही चढायचं-उतरायचं, पण वर्षातून एकदा. मृगानंतर चढू लागायचं, दिवाळीनंतर उतरू लागायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा चढेल की नाही, याची हमी कुणी द्यायचं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मराठवाड्यातल्या किती धरणांनी तळ दाखवला होता ते आम्ही डोळ्यांनी बघितलं. आमच्याकडे पाण्याची वाट बघणं म्हणजे मान वर करून बसणं. कधी येणार, हे विचारायची सोय नाही.

अशा गावातला माणूस जिल्हा परिषदेचा शिक्षक होऊन रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या खाडीकाठी आला. यात नवल काही नाही. कोकणातल्या शाळांमधून परभणी, नांदेड, बीड, हिंगोलीचे शिक्षक इतके आहेत की कोकणातल्या पोरांच्या तोंडी कधी कधी ‘काहून’ ऐकू येतं. सगळ्यांचे अर्ज आंतरजिल्हा बदलीच्या रांगेत असतात. माझाही आहे. दरम्यान शाळा पाचला सुटते, आणि सुटल्यावर काय करायचं हा प्रश्न तालुक्याच्या गावात पडत नाही तेवढा समुद्रकाठी पडतो.

काळबादेवीचा उपसागर उथळ आहे. दक्षिणेला मिऱ्याचा डोंगर, उत्तरेला आरे-वारेकडे जाणारे सडे, मधे लांबच लांब पुळण आणि पुळणीच्या अंगाला साखरतरची खाडी, तिच्या काठानं कांदळवन. वाळू काळी आहे. पहिल्यांदा वाटलं, कुठल्या बोटीचं तेल सांडलं असेल. मग शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांनी सांगितलं की ते इल्मेनाइट आहे, लोह आणि टायटॅनियमचं खनिज, आणि ते आलंय दख्खनच्या काळ्या कातळातून. म्हणजे आमच्या देवळांचा जो दगड, त्याच जातीचा दगड झिजून इथे पायाखाली पसरला आहे. मुठीत घेतली तर ही वाळू साध्या वाळूपेक्षा जड लागते. भिजलेल्या पुळणीवर लाट मागे जाताना हलकी पांढरी वाळू वाहून जाते, जड काळी मागे राहते, आणि तिच्या रेघोट्या उमटतात. त्या रेघोट्या बघून पाणी कुठून कुठे गेलं ते कळतं. हे मला पुढे कामाला आलं.

शाळेतल्या एका पोराचे आजोबा खारवी. गाव त्यांना आबा म्हणतं, मीही म्हणतो. मोठ्या बोटीवरचं काम त्यांनी कधीच सोडलं. आता खाडीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, मारायचा, नाहीतर संध्याकाळी गळ टाकून गरवायला बसायचं. गळ, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, आणि शिशाचा तुकडा एवढंच सामान. काठीसुद्धा नाही, दोरा बोटावर. मी त्यांच्या शेजारी तालुक्याहून आणलेली चकचकीत काठी घेऊन बसायचो. समुद्राकडे बघत. त्यांनी बरेच दिवस काही म्हटलं नाही. मग एकदा म्हणाले, “गुरुजी, मासा व्हता तवा तुमी शाळंत व्हतात. आता तुमी हाव, पन पानी नाय.”

समोर तर क्षितिजापर्यंत पाणीच होतं.

त्यांचं म्हणणं असं, की उथळ उपसागरात मासा राहत नाही, तो येतो आणि जातो. खोल समुद्रातल्या माणसाला मासा कुठे आहे ते शोधावं लागतं. उथळ पाण्यातल्या माणसाला तो कधी आहे ते आधी बघावं लागतं. वेळ चुकली तर जागा, आमिष, काठी, सगळं फुकट.

आणि ती वेळ काढायची कशी, तर तिथीला पाऊणनं गुणून.

मी ते ऐकून जागच्या जागी उभा राहिलो. पाऊणकी! आमच्या आजोबांनी माझ्याकडून ती अंगणात घोकून घेतली होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. त्यांच्या काळी सावकाराचा हिशेब समजायला ती लागायची. माझ्या काळी कशालाच लागत नव्हती. डी. एड. करताना तर आम्हाला कुणी हे पाढे विचारलेसुद्धा नाहीत. आणि इथे आबा बोटांवर मोजून सांगत होते, आज चतुर्थी, चार पाऊण तीन, म्हणजे तीनला पूर्ण भरती. पहाटे तीनला एक, दुपारी तीनला एक. तिच्या अलीकडे-पलीकडे सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला किंवा अवसेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. पक्ष कुठलाही असो, शुद्ध की वद्य याला पाणी विचारत नाही.

गणिताच्या मास्तराला एवढ्यावर थांबवत नाही. मी घरी येऊन मांडून बघितलं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे ढकलली जाते. तिथीच्या हिशेबानं ती अठ्ठेचाळीस मिनिटं भरतात. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. दर तिथीला तीन मिनिटांची तूट येते आणि पक्ष संपेपर्यंत ती पाऊण तासाची होते. खरा गुणक चार-पंचमांश हवा. पण चार-पंचमांशाचा पाढा कुणाच्या आजोबांनी कुणाकडून पाठ करून घेतला आहे? शिवाय भरतीची लाट आपल्या किनाऱ्यानं दक्षिणेकडून उत्तरेला सरकते. गोव्याला आधी, रत्नागिरीला मग, मुंबईला त्याहून उशिरा. खाडीत आत गेलं की आणखी उशीर. या सगळ्यावर आबांचं एक वाक्य होतं, “हिशोबाच्या अर्धा तास आदी जा, नि बसा.” भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो. मुंबईच्या अपोलो बंदरात १८७८ पासून समुद्राची पातळी नोंदली जाते आहे. आता मोबाइलवर मिनिटासकट वेळ मिळते. मी ती बघतो, खोटं कशाला बोलू. पण पाऊणकी आधी म्हणतो आणि मग ताळा म्हणून मोबाइल बघतो.

इथे गॅलिलिओची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पृथ्वी फिरते याचा सगळ्यांत मोठा पुरावा म्हणून त्यानं १६३२ च्या आपल्या ग्रंथात भरती-ओहोटी मांडली. पृथ्वीच्या दोन गतींमुळे समुद्र हिंदकळतो, असं त्याचं म्हणणं. चंद्र पाणी ओढतो हे केप्लर सांगत होता, ते त्याला भाबडेपणाचं वाटलं. नीट उत्तर यायला न्यूटनचं १६८७ सालचं पुस्तक यावं लागलं. एवढा मोठा माणूस, पण काळबादेवीच्या शिंपले काढणाऱ्या कुठल्याही बाईनं त्याला तिथी विचारून गप्प केलं असतं.

वेळ कळली म्हणजे काम झालं असं मात्र नाही, कारण पाणी सहा तास एकसारखं चढत नाही. पहिल्या तासाला एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्या तासाला दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला पुन्हा एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी आत येतं. पाचवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना मी हेच फळ्यावर काढतो. पोरांना बेरजेची गरज पडत नाही. तिसऱ्या तासाला वाळूच्या बेटावर उभं राहायचं नाही, हे त्यांना चालायला लागल्यापासून माहीत असतं. पाहुणे मात्र दर मे महिन्यात अशा एखाद्या उंचवट्यावर फोटो काढत राहतात आणि मागच्या बाजूनं पाणी कधी वेढून येतं ते त्यांना कळत नाही.

त्यात पुन्हा उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका ओळीत ओढतात. तिथून एक-दोन दिवसांनी, द्वितीया-तृतीयेच्या सुमाराला, उधाण सगळ्यांत मोठं. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ एकमेकींना काटकोनात, तेव्हा भांग, म्हणजे पाणी थोडं चढणार, थोडं उतरणार. मुंबईला पावसाळ्यातल्या उधाणाच्या भरत्या साडेचार मीटरच्या वर जातात आणि महानगरपालिका त्यांच्या तारखा जाहीर करते. आमच्याकडे चढउतार त्याच्या साधारण निम्माच. खंबायतचं आखात आत अरुंद होत जातं आणि पाण्याला जायला जागा राहत नाही, म्हणून उत्तरेकडे ते उंच चढतं. भांगाच्या दिवसांत आबा जाळं दुरुस्त करतात. “पानी निजलाय,” म्हणतात.

पण मला विचाराल तर उथळ पाण्यातला मासा भरतीत शोधायचाच नसतो. तो शोधायचा सुकतीत, पाणी नसताना.

उधाणाच्या दिवशी पाणी इतकं मागे हटतं की उपसागराचा तळ उघडा पडतो, आणि तळ सपाट नसतो. लांबून सपाट दिसतो एवढंच. अनवाणी चालायला लागलं की पायाला कळतं. इथे घट्ट वाळू, पुढे घोटाभर चिखल, मग एक चर, हातभर खोल, वाकडातिकडा, खाडीच्या तोंडापासून पुळणीला समांतर गेलेला. पाणी चढतं ते आधी या चरातून, आणि मासा पाण्याबरोबर याच वाटेनं आत येतो. चराच्या काठाला काळ्या वाळूच्या रेघा दाट असतील तिथे ओढ जास्त. चर जिथे वळतो तिथे आतल्या अंगाला गाळ साठतो, बाहेरच्या अंगाला खळगा पडतो. खळग्यात पाणी खोल, म्हणून मोठा मासा तिथे.

वाळूवर ताटाएवढे गोल खड्डे दिसले की समजायचं, मागच्या भरतीत इथे पाकट चरून गेलं. ते पोटाखालची वाळू उडवतं आणि आतले शिंपले, किडे फोडून खातं. चिखलाच्या पापुद्र्यावर बारीक ओरखडे असतील तर ती बोय. शेवटा म्हणतात तोही त्याच गोतातला. बोय चिखलाच्या वरचं शेवाळ आणि कुजलेलं सेंद्रिय खरडून खाते, वाळूसकट गिळते आणि तिच्या पोटात कोंबडीसारखा जाड पोटा असतो तो ते दळतो. असा मासा आमिषाच्या वाटेला फारसा जात नाही. बोय हवी तर पाग. गळ टाकून बोयच्या थव्याकडे बघत बसलेला माणूस हमखास घाटावरचा, असं इथे समजतात, आणि ते बरोबरच आहे.

याच वेळेला गावातल्या बाया मुळे आणि तिसऱ्या काढायला उतरतात. कंबरेला पिशवी, हातात कोयती नाहीतर नुसती बोटं. वाळूवरच्या दोन बारीक भोकांवरून खाली शिंपला आहे की नाही ते त्या चालता चालता सांगतात. मला ती भोकं अजून नीट दिसत नाहीत. कांदळाच्या मुळांतून निवट्या उड्या मारत असतात, खडकांवर कालवं, आणि कालवं फोडणाऱ्या बायकांची टकटक लांबवर ऐकू येते. समुद्र बाहेर गेलेला असताना समुद्रावर सगळ्यांत जास्त वर्दळ असते, हे मला इथे आल्यावर कळलं.

मग पाणी परततं. पहिल्या तासाला चरात घोटाभर, आणि त्या घोटाभर पाण्यातून मुडदुशा येतात. वीतभर लांब, वाळूच्या रंगाच्या, टोकदार तोंडाच्या. भरतीनं नुकत्याच भिजवलेल्या वाळूतून किडे वर यायला लागतात, ते टिपत त्या पाण्याच्या अगदी पुढच्या कडेनं चालतात. पायरव लागला तर डोकं खुपसून वाळूतच शिरतात. म्हणून आबा या वेळेला पाण्यात पाय घालू देत नाहीत. मुडदुशीला बारीक गळ, हलकं शिसं आणि वाळूतला किडा किंवा चिंगळाचा सोललेला तुकडा. ती ओढत नाही, दोन वेळा टिचकी मारते. तंगूस बोटावर असेल तर ती टिचकी कळते. माझ्या चकचकीत काठीला कधी कळली नाही, म्हणून ती आता शाळेच्या कपाटात झेंड्याच्या काठीशेजारी उभी आहे.

आमिषाबद्दल लोक फार बोलतात. ज्याला त्याला आपलं गुपित असतं. आबांचं गुपित नाही, रीत आहे. ज्या पाण्यात जे मिळतं ते त्या पाण्यातल्या माशाला द्यायचं. कांदळाखाली जिवंत चिंगळं, शेपटीतून गळ असा घालायचा की ते पोहत राहावं. काळुंदराला गांडूळ. तांबोशीला तारलीचा रक्ताळलेला तुकडा. ओढ जोरात असेल तर म्हाकूल, कारण ते चिवट, गळावरून सुटत नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ, माशाला दिसत नाही, तेव्हा वास लागतो. थंडीत पाणी निवळ, तेव्हा हललं पाहिजे. वास पाण्याच्या ओढीनंच पुढे जातो आणि मासा ओढीला तोंड करून उभा असतो, म्हणून बसायचं ते ओढीच्या वरच्या अंगाला. आपण पाण्याला सांगायचं आणि पाण्यानं माशाला. कोंड्यात चिंगळं ठेचून त्याचे लाडू आधी टाकले तर बरं, पण थोडे. पोट भरलेला मासा गळ का घेईल?

आणि मग केंड येतो. आमिषावरच्या कुठल्याही विद्वत्तेची परीक्षा केंड घेतो. पोपटासारखी चोच, वर काढला की पोटात हवा भरून चेंडू होतो आणि दात करकर वाजवतो. खायचा नाही, विषारी. त्यानं दोन मिनिटांत आमिष कुरतडून नेलं तर ठीक, पुष्कळदा तंगूसच कापतो. केंड लागायला लागले की आबा काही न बोलता उठतात आणि दुसऱ्या खळग्याकडे जातात. मी तिथेच हट्टानं बसतो. हा मराठवाडी हट्ट आहे, दुबार पेरणी करणाऱ्या माणसाचा.

पूर्ण भरतीला पाणी थांबतं. त्या अर्ध्या तासात मासा सगळीकडे पांगलेला असतो, कांदळाच्या मुळांत, खाजणात, पुळणीच्या कडेला. तेव्हा चहा घ्यायचा. खरी मजा पाणी उलटल्यावर. खाजणातून, कांदळातून जेवढे म्हणून ओहळ खाडीत पडतात, त्या प्रत्येकाच्या तोंडाशी आता खाणं वाहून येणार, चिंगळं, बारीक मासळी, कुर्लीची पिल्लं. मोठा मासा हे जाणतो. तो ओहळात शिरत नाही, तोंडाशी, ओढीच्या बाजूला, एखाद्या दगडाच्या आडोशाला तिरका उभा राहतो आणि समोरून येईल ते घेतो. तांबोशी अशीच. जिताडाही असाच. या जिताड्याची गंमत अशी की तो तरुणपणी नर असतो आणि पुढे मोठा होऊन मादी होतो. म्हणजे टोपलीतला तो अवाढव्य जिताडा जवळपास नेहमी मादीच. वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या.

ओहळाच्या तोंडाशी जिताडा लागतो तेव्हा टिचकी नसते. एक मोठा ‘धप्प’ आवाज, दोरा बोटातून कापत जातो आणि पाण्यावर चांदीचा एक फाळ उभा राहून आडवा पडतो. आबांच्या तर्जनीवर तंगूसाच्या जुन्या व्रणांच्या रेघा आहेत, एकीवर एक. एकदा त्यांनी मला दोरा हातात दिला होता. मासा खडकाखाली शिरला आणि दोरा तिथे घासून तुटला. “गेला तर गेला,” आबा म्हणाले, “त्येला वाट म्हाईत हाय, उद्याबी ह्याच वाटंनं येनार.” हे वाक्य मला मासा मिळाल्यापेक्षा मोलाचं वाटलं. उद्या येणार, आणि किती वाजता ते मोजता येणार. आमच्या शेतीत असं आश्वासन कुणी कुणाला देऊ शकलेलं नाही.

माय इथे आली ती कार्तिकी एकादशीला. गळ्यात माळ आहे तिच्या, मासा हा शब्दही ती उच्चारत नाही. मी काय खातो हे तिला माहीत आहे, आणि तिला माहीत आहे हे मलाही माहीत आहे. त्यावर आम्ही फोनवर हवापाणी बोलतो. दुपारी दोनच्या सुमाराला तिला पुळणीवर नेलं. अकरा पाऊण सव्वाआठ, म्हणजे त्या वेळेला नेमकी सुकती. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला आलेल्या बाईसमोर समुद्र पार लांब गेलेला.

“आरं, हे पानी कुठं गेलं?” ती म्हणाली. आवाजात काळजी होती, कालव्याला पाणी सुटलं की आमच्याकडे असते तशी.

“येतंय माय. रातच्याला भरतंय.”

“कोण सोडतंय?”

चंद्र, असं सांगितलं. तिला ते पटलं, गॅलिलिओसारखा तिनं वाद घातला नाही. पण ती जागची हलली नाही. पदर डोक्यावर ओढून बसून राहिली. पाणी परतायला लागलं तशी तिनं समोरच्या वाळूत एक काडी रोवली. काडी बुडाली, की थोडी मागे दुसरी. बारवेच्या पायऱ्या मोजणारी बाई ती. पाचच्या सुमाराला पाणी निम्म्यावर आलं आणि तिच्या काड्या संपल्या.

“रोज येतं?”

“दिवसाला दोनदा.”

तिनं जरा विचार केला. “आन् तरी गोड न्हाई,” म्हणाली आणि उठली.

तिचं म्हणणं उगीच नव्हतं. एवढा पाऊस पडूनही कोकणातल्या वाड्यांना मे महिन्यात टँकर लागतो, हे तिनं इथल्या शेजारणीकडून आधीच काढून घेतलं होतं.

आमच्या चारठाण्याच्या घरी देवळीशेजारी ‘कालनिर्णय’ लटकतं. माय त्यावर उपासाच्या तिथींना पेन्सिलनं खूण करते. १९७३ साली ते काढणारे जयंतराव साळगावकर मालवणचे, समुद्राच्या गावचे. हे कळल्यापासून त्या कागदाकडे बघताना मला जरा वेगळंच वाटतं. मालवणच्या माणसाला तिथी म्हणजे नुसती पूजा-उपासाची खूण असणं शक्यच नाही. तिथे तिथी बंदरातल्या पाण्यात दिसते. तीच तिथी शेकडो किलोमीटर आत, जिथे चंद्र नुसता आकाशात असतो आणि त्याच्या ओढीनं काहीच हलत नाही, तिथे भिंतीवर जाऊन बसली आणि साबुदाण्याच्या खिचडीची वेळ सांगू लागली. माय एकादशी धरते आणि मी एकादशीचं पाणी धरतो. फोनवर ती विचारते, “आज कोणती तिथी हाय, ध्यानात हाय ना?” आणि मी एका दमात सांगतो, तेव्हा तिला पोरगा सुधारल्याचं समाधान मिळतं. ते मी मोडलेलं नाही.

आबांना भरतीची काळजी नाही, माशाची आहे. जून-जुलैत यांत्रिक नौकांना बंदी असते, तेवढे दोन महिने समुद्र श्वास घेतो, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा धांदल. प्रखर दिव्यांच्या बोटी, बारीक आसाची जाळी, यांच्यावर नियम आहेत, आणि नियम असले की पळवाटा असतात. कांदळाची मुळं जिथे भराव टाकून बुजवली तिथे ओहळ बंद, ओहळ बंद तर तोंडाशी उभं राहायला मासा नाही. पाणी वेळेवर येतं, पण रिकामं येतं, असं आबा म्हणतात. मी त्यांच्याइतका जुना नाही, मला रिकामं पाणी आणि भरलेलं पाणी यांतला फरक अजून आमिषावरूनच कळतो. पण तीन भोकांच्या जागी मुळेवाल्या आता एक दाखवतात, एवढं दिसतं.

बदलीची यादी या वर्षी लागेल, असं सगळे म्हणतात. परभणी मिळाली तर येलदरी आहेच, गांडूळ आणि कणकेची गोळी आहे, आणि वर्षाला एक भरती. मिळाली नाही तर पाचवीच्या पुढच्या वर्गालाही बारा हिस्से शिकवीन.

आज वद्य तृतीया. तीन पाऊण सव्वादोन, त्यातून आबांचा अर्धा तास वजा, म्हणजे पावणेदोनला पाणी उलटणार. पाचला घंटा होईल तेव्हा ओहोटीचा चौथा तास चालू, उधाणाची ओढ, आणि कांदळाखालचे सगळे ओहळ जोरात. चिंगळं मी मधल्या सुट्टीतच सांगून ठेवली आहेत, आबांचा नातू डब्यातून आणणार आहे. उद्या संकष्टी. मायचा फोन सकाळीच येईल, त्यामुळे जे काय करायचं ते आजच.